वारा बाहेर, हवा आत : खालापूर-कर्जत पट्ट्यातील वायुवीजन

बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या खालापूर तालुक्यात कारखानदारी रुजली ती मुख्यतः पाण्यामुळे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रात १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि लोणावळ्याकडील धरणांचे पाणी जनित्रे फिरवून पाताळगंगेत येऊ लागले. या पाण्याच्या, लोहमार्गाच्या आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या आधाराने पुढे खोपोलीत कागद व पोलादाचे, तर १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या पाठोपाठ रसायनी-पाताळगंगा भागात रसायनांचे कारखाने उभे राहिले. शेजारच्या कर्जत तालुक्यात कारखाने कमी असले, तरी घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून कर्जत स्थानकाचा बोगद्यांशी संबंध जुना आहे. या दोन्ही तालुक्यांत उघड्यावर वाऱ्याला तोटा नाही. तथापि छपराखालची, आणि त्याहूनही टाकीच्या किंवा बोगद्याच्या आतली हवा बाहेरच्या वाऱ्याशी फारसे नाते ठेवत नाही, आणि श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकापाशी ती कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि काय बरोबर घेऊन पोहोचते हे अंगाला वारा लागतो की नाही यावरून कळत नाही. ते मोजावे लागते.

भारतीय कायद्याने वायुवीजनाचे दोन प्रकार आरंभापासून वेगळे मानले आहेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम १३ ताज्या हवेच्या अभिसरणाविषयी, म्हणजे संपूर्ण खोलीतील हवा खेळती ठेवण्याविषयी होते. कलम १४ मात्र धूळ व धूर यांविषयी असून, अपायकारक धूळ किंवा धूर जेथे निर्माण होतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ तो शोषून घेणारी यंत्रणा बसवावी, असे त्यात सांगितले होते. पहिल्या प्रकारात दूषित हवा पातळ केली जाते, दुसऱ्या प्रकारात ती पसरण्यापूर्वीच पकडली जाते. अधिनियमासह तेरा कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत होऊन २०२५ मध्ये लागू झाली, तरी हा भेद भौतिकशास्त्राचा असल्यामुळे कायदा बदलल्याने तो बदलत नाही. प्रत्यक्षात पहिला प्रकार स्वस्त म्हणून सर्रास वापरला जातो आणि त्यावरच भागवले जाते. ज्या पदार्थाची विषारी मात्रा हवेच्या दहा लाख भागांत मोजक्या भागांची असते, तेथे भिंतीतला पंखा हे समाधान ठरू शकत नाही.

‘शक्य तितक्या जवळ’ या शब्दांना फार वजन आहे. फुंकर मारून दिवा विझवता येतो, पण तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून तो विझत नाही, कारण सोडलेली हवा झोताने दूर जाते आणि ओढलेली हवा सर्व बाजूंनी गोळा होते. गोल शोषणनळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर गेले की ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका उरतो. म्हणून पोलादाचा गंज काढण्यासाठी कोमट हायड्रोक्लोरिक आम्लाची टाकी वापरली जाते तेथे टाकीच्या कडेला लागून शोषणाची फट असावी लागते. तीच फट कामाच्या सोयीसाठी हातभर मागे सरकवली, तर पंख्याची शक्ती तीच राहूनही आम्लाची वाफ कामगाराच्या चेहऱ्याकडे जाऊ लागते. प्रयोगशाळेतील धूरपेटी, म्हणजे समोर सरकती काच असलेले शोषणकपाट, घेतल्यास तिच्या तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर ठेवतात. तोंडाचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर असेल, तर क्षेत्रफळ गुणिले वेग या साध्या हिशेबाने सेकंदाला ०.४, म्हणजे तासाला १४४० घनमीटर हवा बाहेर जाते. तेवढीच हवा खोलीत आत येण्यास वाट हवी, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

ही विस्मृती कोकणच्या हवामानात विशेष महाग पडते. पावसाळ्यात तिरकस सरींचे पाणी यंत्रांवर येऊ नये म्हणून झरोके ताडपत्रीने झाकले जातात आणि खिडक्या मिटतात. हवा आत येण्याचा मार्ग बंद झाला की शोषणाचा पंखा गरगरत राहतो, पण ओढण्याजोगे काही नसल्याने त्याचा प्रवाह घटतो. उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते. दमट उकाड्याने हैराण झालेला कामगार धूरपेटीच्या किंवा टाकीच्या बाजूला पायावरचा मोठा पंखा उभा करतो, आणि सेकंदाला काही मीटर वेगाने येणारा त्याचा झोत अर्ध्या मीटरच्या ओढीला सहज उधळून वाफ संपूर्ण शेडमध्ये पसरवतो. त्या कामगाराला गार वाटते, म्हणजे त्याच्या दृष्टीने वायुवीजन सुधारलेले असते. म्हणून त्याला दोष देण्यापेक्षा उकाड्याची सोय वेगळी न करणाऱ्या आराखड्याकडे बोट दाखवणे अधिक न्याय्य होईल.

हवा मोजण्याची साधने फारशी गूढ नाहीत. उघड्या तोंडाशी फिरत्या पात्यांचा किंवा तापलेल्या तारेचा वायुवेगमापक धरतात. दुसऱ्या प्रकारात वाहती हवा तारेला जितकी थंड करते त्यावरून वेग कळतो. बंद डक्टमध्ये, म्हणजे हवावाहक नळात, पिटो नळी घालतात: तिचे एक छिद्र प्रवाहाला सामोरे आणि बाकीची छिद्रे बाजूला असतात, आणि दोन्हींतील दाबाचा फरक पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये वाचला जातो. नेहमीच्या हवेसाठी १० मिलिमीटर फरक म्हणजे सेकंदाला सुमारे १२.८ मीटर वेग. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे वेग निम्मा झाला तर हा दाब चौथाईवर येतो. प्रवाहातील बिघाड दाबमापकावर ठळक दिसतो तो याच कारणाने. दिशा तपासण्यासाठी धुराची कांडी पुरते, आणि तीही उपेक्षिली जाते. तीन फेजच्या मोटरची तार दुरुस्तीनंतर उलटी जोडली गेली, तर नळात बसवलेला अक्षीय पंखा हवा बाहेर काढण्याऐवजी आत ढकलू लागतो. गोगलगायीच्या कवचासारख्या आवरणातला केंद्रोत्सारी ब्लोअर अधिक फसवा असतो: उलटा फिरूनही तो हवा त्याच दिशेने नेतो, फक्त बरीच कमी. आवाज येतो, पट्टा फिरतो, बाहेर थोडी हवाही लागते, आणि मोजल्याखेरीज ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

सर्वांत कठोर परीक्षा होते ती बंदिस्त जागेत, म्हणजे रिअ‍ॅक्टर, साठवण टाकी, सांडपाण्याचा खड्डा, लगद्याचा हौद यांसारख्या ठिकाणी, जेथे शिरण्या-निघण्याची वाट अरुंद असते आणि हवा आपोआप बदलत नाही. अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे अशा जागेत घातक वायूची शक्यता असेल तर पुरेशा आकाराचे मॅनहोल असणे आवश्यक होते. शिवाय सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन जागा निर्धोक असल्याचे लेखी प्रमाणपत्र दिलेले असावे, अथवा उतरणाऱ्याने श्वसनसाधन आणि दोर जोडलेला पट्टा घालावा व त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे, अशी अट होती. आत न्यायचा दिवा, पुरेशी संरक्षक व्यवस्था नसल्यास, २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा असू नये, हेही त्यापुढील तरतुदीत होते. चाचणी ‘स्वतः’ घ्यावी हा आग्रह योग्यच आहे, कारण परमिटचा कागद आदल्या दिवशीच्या आकड्यांवर भरला जाणे हा कागदी व्यवस्थेचा नेहमीचा आजार आहे.

चाचणीचा क्रमही मनाजोगा ठेवता येत नाही. सर्वप्रथम प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांखाली साध्या मुखवट्याने आत जाणे सुरक्षित मानले जात नाही. हा क्रम ठरण्याचे कारण उपकरणातच आहे: ज्वलनशील वायू ओळखणारा उत्प्रेरकी संवेदक त्या वायूचे अतिसूक्ष्म प्रमाणात ज्वलन घडवून उष्णता मोजतो, आणि प्राणवायूच नसेल तर ज्वलन होत नाही, म्हणून सॉल्व्हंटच्या वाफेने भरलेल्या टाकीतही काटा शून्याजवळ थांबू शकतो. आग लागू नये म्हणून रसायनांच्या टाक्यांत नायट्रोजन भरण्याची रीत आहे, आणि या वायूला ना रंग, ना वास, ना घुसमटीची पूर्वसूचना. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास तरी येतो असे म्हणावे, तर दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो नाकाची संवेदनाच बधिर करतो. सांडपाण्याच्या आणि कागदाच्या लगद्याच्या खड्ड्यांत हाच वायू साचतो. तो हवेपेक्षा जड, मिथेन हलका आणि टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्यामुळे मॅनहोलच्या तोंडाशी घेतलेले एक वाचन पुरत नाही. वर, मध्ये आणि तळाशी नमुना घ्यावा लागतो, आणि तळातला गाळ ढवळला की पुन्हा घ्यावा लागतो.

ग्रामीण भागात विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत याच शास्त्राची पहिली पायरी होय. प्राणवायू सुमारे १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. परंतु विहिरीच्या तळाशी चालवलेल्या डिझेल पंपाचा कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही, आणि मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर कंदील स्वतःच स्फोटाचे निमित्त ठरतो. एकामागून एक मदतीला उतरणारे बळी पडतात तेही येथेच.

बोगदा ही या दोन तालुक्यांतील तिसरी बंदिस्त जागा. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटाच्या चढावर २५ बोगदे होते आणि चढ काही ठिकाणी ३७ ला १ इतका तीव्र होता. वाफेची इंजिने पूर्ण जोर लावत असताना पुढच्या इंजिनाचा धूर मागच्या बँकरवरील माणसांना सोसावा लागे. हा प्रश्न पंख्यांनी सुटला नाही. १९२९ मध्ये विजेवरील गाड्या आल्या आणि धुराचा उगमच नाहीसा झाला. घाटातील नवे काम मात्र रस्त्याचे आहे. खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’वरील एक बोगदा सुमारे ८.९ किलोमीटरचा असून त्यातील वाहने धूर ओकणारीच असणार.

असा बोगदा खोदताना लागू होणारी मोजमापे १९९८ च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांत आहेत: प्रत्येक कामगारामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर ताजी हवा, आणि हवेचा प्रवाह मिनिटाला किमान ९ मीटर. पन्नास माणसांसाठी पहिली अट ३०० घनमीटरने भागते, पण बोगद्याचा छेद १०० चौरस मीटर धरला तर दुसरीला ९०० घनमीटर लागतात, आणि सुरुंगानंतरचे वायू व डंपरचा धूर यांचा हिशेब त्याहून वेगळा. मिनिटाला ९ मीटर म्हणजे सेकंदाला ०.१५ मीटर, इतका प्रवाह त्वचेला जवळजवळ जाणवत नाही.

वाहतूक सुरू झाल्यावर संकट आगीचे असते. धूर उलट दिशेने पसरू नये म्हणून हवा साधारण सेकंदाला ३ मीटर वेगाने एकाच बाजूला रेटावी लागते, आणि ती बाजू लोक जेथून निसटत आहेत तिच्या विरुद्ध असावी लागते. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात ३९ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा इटलीच्या बाजूने धूर शोषण्यासाठी वापरता येणाऱ्या नळातूनही ताजी हवा आत सोडली जात होती. पंखे चालू होते. ते काय करत आहेत हे दोन टोकांच्या नियंत्रण कक्षांनी मिळून पाहिलेले नव्हते.

मोठ्या बोगद्यात निदान संवेदक आणि नियंत्रण कक्ष असतात. छोट्या कारखान्यात तेवढा खर्च परवडत नाही हा युक्तिवाद ऐकू येतो, पण तो अर्धाच खरा आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या नळीला इंग्रजी ‘यू’सारखा बाक देऊन, तीत रंगीत पाणी भरून, एक टोक शोषणाच्या डक्टला जोडले की दाबमापक तयार होतो. पंखा बसवून प्रवाह मोजला त्या दिवशीची पाण्याची पातळी लाल रेघेने खुणावली आणि ही नळी पर्यवेक्षकाच्या खोलीत न ठेवता टाकीपाशी, काम करणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली, तर ठेकेदाराकडून कालच आलेल्या हेल्परलाही पाणी रेघेपासून सरकलेले दिसते.