सदाकोने हजार पुरे केले होते

हिरोशिमाच्या सदाकोची आणि तिच्या कागदी करकोच्यांची गोष्ट आपल्या घरातील पुष्कळ मुलांनी ऐकलेली असेल. एलिनॉर कोअर या लेखिकेच्या १९७७ सालच्या छोट्याशा इंग्रजी पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. पुस्तकातली आजारी सदाको ६४४ करकोचे करून जाते आणि उरलेले ३५६ तिच्या वर्गातील मुले करून देतात. आम्ही पडलो हिशेबाच्या वह्या सांभाळणारे. बेरीज फार चोख जुळली की आम्हाला आधी शंका येते. इथे ती खरी निघाली.

सदाको सासाकी हिचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. वडिलांचा धंदा केस कापण्याचा, त्यावरच घर चाले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. घर स्फोटाच्या जागेपासून दीड-पावणेदोन किलोमीटरवर. पोरीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. आई मुलांना घेऊन नदीकडे पळाली, आजी मध्येच घराकडे परत वळली ती पुन्हा दिसली नाही. त्यानंतर पडलेला काळा पाऊस या मायलेकरांच्या अंगावर पडला.

पुढे नऊ वर्षे काहीच झाले नाही. मुलगी अंगाने काटक, धावण्यात तरबेज, शाळेच्या शर्यतीत वर्गाला जिंकून देणारी. १९५४ च्या नोव्हेंबरात मानेवर गाठी आल्या. २१ फेब्रुवारी १९५५ रोजी तिला रेडक्रॉसच्या दवाखान्यात दाखल केले. रक्ताचा कर्करोग होता.

वाचकहो, आजारपणाने कष्टकऱ्याचे घर कसे खचते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बॉम्बपीडितांवर सरकारी खर्चाने उपचार करण्याचा कायदा जपानमध्ये झाला तो १९५७ साली. सदाकोच्या आईबापांच्या तो काय कामाचा?

हजार करकोचे करणाऱ्याची इच्छा पुरी होते, अशी तिकडची जुनी समजूत आहे. नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांसाठी कागदी करकोचे पाठवले, ते पाहून तीही बसली. कागद मिळेना म्हणून औषधांच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टने, जे हाती येईल ते ती जपून ठेवी. हिरोशिमाच्या संग्रहालयाची नोंद अशी की, ऑगस्टअखेर तिचे हजार पुरे झाले होते. इच्छा काही पुरी झाली नाही. तरी ती थांबली नाही. पुढचे करकोचे तिने आणखी लहान केले, इतके लहान की घडी सुईच्या टोकाने घालावी लागे.

पुस्तकातले अपुरे राहिलेले हजार मुलांना सांगायला सोपे आहेत. पुरे करूनही ती वाचली नाही, हे सांगताना आमचीच जीभ अडते. तरी आम्ही आमच्या घरी तेच सांगितले. आमच्या मुलीने विचारले, "मग ती पुढे का करत बसली?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

२५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली. बारा वर्षे आणि नऊ महिने. आपल्या रक्ततपासणीचे आकडे तिने गुपचूप एका कागदावर उतरवून ठेवले होते, ते मागाहून सापडले. म्हणजे आईबाप जे लपवत होते ते पोरीला ठाऊक होते.

तिच्या वर्गसोबत्यांचे खरे काम पुस्तकातल्या ३५६ हून मोठे आहे. महिन्याच्या आत हिरोशिमात देशभरातील मुख्याध्यापकांची सभा भरली, तिथे या मुलांनी पत्रके वाटली. बॉम्बने मेलेल्या सर्व मुलांचे स्मारक हवे, अशी मागणी होती. आम्ही वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरलेली माणसे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी हे उभे केले याचे आम्हाला फार अप्रूप वाटते. तीन हजारांहून अधिक शाळांनी पैसे पाठवले. ५ मे १९५८ रोजी, त्यांच्या बालदिनी, स्मारकाचे अनावरण झाले. करकोचा उंच धरून उभी असलेली मुलगी त्याच्या माथ्यावर आहे.

घरच्यांनी जपून ठेवलेले मोजके करकोचे थोरल्या भावाने पुढे एकेक करून देऊन टाकले. त्यांपैकी एक २०१५ साली अमेरिकेत, बॉम्ब टाकण्यास मंजुरी देणाऱ्या ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयाला दिला.