पानं खाल्ली जाऊ द्या

तरवडाच्या पिवळ्याधमक फुलात मकरंद नसतो. पराग असतात, पण तेही पुंकेसरांच्या बंद नळ्यांत. बाहेर पडायला टोकाशी बारीकसं छिद्र तेवढं. मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न पसरता छातीचे स्नायू थरथरवतो आणि परागांचा फवारा अंगावर घेतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. भुंगा गच्चीत यावा असं वाटत असेल, तर तरवडाचं बी पेरावं.

फुलपाखरांसाठी म्हणून आपण नर्सरीतून झेंडू, कॉसमॉस आणतो. फुलपाखरं येतात, मकरंद पितात आणि निघून जातात, कारण अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडच लागतं. प्लेन टायगरला रुई हवी, मॉटल्ड एमिग्रंटला तरवड किंवा टाकळा. तरवडाचं कोवळं पान निरखून पाहा. त्यावर मोहरीहून बारीक, उभं, पांढुरकं अंडं दिसलं, तर काही दिवसांत हिरवी अळी पान कुरतडू लागेल. अशा वेळी फवारणी करू नका. कडुनिंबाच्या तेलानेही अळीचं खाणं थांबतं. झाडाला मात्र पुन्हा पालवी फुटते.

खुळखुळ्याला वाळल्यावरही गिऱ्हाईक असतं. ब्लू टायगरचे नर त्याच्या सुकल्या पानांवर, शेंगांवर जमतात आणि त्यातली अल्कलॉइड शोषून घेतात. मादीला भुलवणारा गंध त्यातूनच तयार होतो. म्हणून वाळलेलं झुडूप लगेच उपटू नये. खुळखुळा आणि रुई दोन्ही विषारी आहेत. लहान मुलांपासून आणि गुराढोरांपासून लांब लावा.

पावसाळा सरला की पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला तरवड, टाकळा, खुळखुळा, कुर्डू यांचं बी मिळतं. वाळलेलंच घ्या आणि थोडंच घ्या. कास पठारावरून मात्र काही उचलू नका. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या त्या कातळावरच्या वनस्पतींना कुंडी मानवतही नाही.

बी कागदाच्या पुडीत कोरडं ठेवा. रोहिण्या लागल्या की तयारीला लागा. तरवडाच्या आणि खुळखुळ्याच्या बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल पेरा. न फुगलेलं पुन्हा भिजवा. कुर्डूचं बी अगदी बारीक. ते वाळूत मिसळून मातीवर भुरभुरा, वर माती लोटू नका. खत बेताचंच घाला. ही सगळी माळरानावर वाढणारी झाडं आहेत.

तरवडाला पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी पानं येतातच, आणि मादीला तेवढं पुरतं. मात्र एकाच झाडावर अळ्या जास्त झाल्या, तर पाला संपतो आणि त्या उपाशी मरतात. म्हणून सोसायटीत निदान चार घरी तरवड असावा. उरलेलं बी टाकू नका, शेजारी वाटा.