पाचवीतली 'दुसरी'

बँकेत असताना माझ्या काउंटरवर एक तरुण यायचा. सातवी पास. पैसे काढायची स्लिप पुढे सरकवून हळूच म्हणायचा, "साहेब, तुम्हीच भरा, चष्मा विसरलो." पंचविशीतल्या पोराला कसला चष्मा! पण मी भरून द्यायचो. सात वर्षं तो वर्गात बसला होता. गुरुजी पुढच्या धड्यावर गेले, हा मागे अक्षरांतच अडकून राहिला.

तो आठवायचं कारण म्हणजे, गेल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या कडेच्या एका शाळेत मी आठवड्यातून दोन सकाळी जाऊ लागलो. पाचवीतल्या एका मुलीने घडाघडा धडा वाचून दाखवला. मी खूश. बाईंनी हसत भलतंच पान उघडलं, तशी ती गप्प. धडा तोंडपाठ होता! जन्मभर सह्या पारखल्या मी, पण त्या चिमुरडीने मला साफ फसवलं.

बाईंची रीत साधी. मूल कितवीत आहे ते विचारायचं नाही. त्याला अक्षर येतं, शब्द येतो, उतारा येतो की गोष्ट, ते एकेकाला जवळ घेऊन पाहायचं. मग रोज तासभर इयत्ता विसरून गट करायचे. अक्षरवाले फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरांवर उड्या मारतात, गोष्टवाले आपली गोष्ट लिहितात.

मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने ही वाट रुळवली. तिच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत. मुंबई-बडोद्यातल्या या प्रयोगाची रीतसर पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकऱ्यांत ते दोघे होते. आपण मात्र 'पोर्शन' संपला की सुटलो!

काटा निराळाच आहे. त्या मुलीची आई शाळेत येऊन कडाडली, "माझ्या पोरीला दुसरीच्या लेकरांत का बसवलं?" खरं सांगतो, मला तिचंच पटलं. मुलगी मान खाली घालून उभी होती. बाईंनी दोन महिने मागून घेतले.

दिवाळीनंतर मायलेकी शाळेच्या पायरीवर दिसल्या. मुलीच्या हातात आईच्या बचत गटाचं पासबुक. 'शिल्लक'मधल्या जोडाक्षराशी ती अडखळली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला गप्प केलं.