हात कामात, कान मोकळे : दूरशिक्षणातील इंग्रजी शब्द आणि मोबाइल

सोलापूरचे पोर शाळेत जाण्याआधीच तीन-चार भाषा ऐकते आणि बोलू लागते. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड आणि गल्लीत दखनी हिंदी. या भाषांचे शब्दार्थ कोणी त्याच्याकडून पाठ करून घेत नाही. त्या कानावर पडतात आणि जिभेवर येतात. हेच पोर पुढे बारा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाही साधे पत्र वाचताना अडखळते. मग सांगण्यात येते की, या मुलांत कुवतच नाही! तीन-चार भाषा बोलणाऱ्याच्या कुवतीविषयी शंका घेणाऱ्यांनी आधी आपल्या शिकवण्याविषयी शंका घ्यावी.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मला इंग्रजी मिळाली ती कागदातून. गाइडातली उत्तरे अर्थ न कळता पाठ केली. ग्रंथालयात मोठा शब्दकोश होता, पण तो घरी नेता येत नसे. आणि ग्रंथालय उघडे असे त्या वेळी मी कामावर असे. ज्याच्या घरी शब्दकोश होता आणि शब्द विचारायला शिकलेला बाप होता, त्याची 'हुशारी' आणि माझा 'ढ'पणा यांत अंतर होते ते एवढेच. आज मी जुळे सोलापुरात राहतो, कॉलेजात शिकवतो आणि रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे तास घेतो. समोरच्या बाकांवर मला माझेच जुने दिवस बसलेले दिसतात.

ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांना पुन्हा शिकता यावे म्हणून नाशिकला 1989 साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. या वाटेने यंत्रमागावरचा कामगार, धुणीभांडी करणारी बाई, रात्रपाळीचा पहारेकरी पदवीपर्यंत येऊ शकतो. ही लहान गोष्ट नाही. परंतु संपर्काचे तास मोजके. पुस्तक घरी जाते, पण त्यातला शब्द कसा उच्चारायचा हे सांगणारे घरात कोणी नसते. ही उणीव मोबाइलने भरून निघेल काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम भाषेचे गणित पाहू. शब्दकोशाची जाडी पाहूनच आपला विद्यार्थी खचतो. परंतु मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने, ज्याने आधी बंगालमध्ये काम केले होते, 1953 साली नेहमीच्या वापरातील सुमारे 2000 मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग एवढ्याच शब्दांनी व्यापलेला असतो. रोज 5 शब्द घेतले तर वर्षाच्या 300 दिवसांत 1500 होतात. म्हणजे डोंगर वाटतो तेवढा उंच नाही.

दुसरी गोष्ट विसरण्याची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते. आणि उजळणी एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केली तर कमी श्रमात टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेली घोकंपट्टी का वाया जाते, याचे उत्तर यात आहे. दोष डोक्याचा नसून वेळापत्रकाचा आहे.

आमच्या वर्गात बिड्या वळणारी एक विद्यार्थिनी आहे. ती म्हणाली, "सर, पुस्तक धरायला हात कुठे रिकामा असतो?" दिवसाला हजार बिड्या वळायच्या, तर डोळे पानावर आणि बोटे दोऱ्यावर. पण कान मोकळे असतात. तेव्हापासून मी शब्द माझ्या आवाजात भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागलो. आधी इंग्रजी शब्द, मग तो असलेले छोटे वाक्य. मग थोडा वेळ शांतता. त्या शांततेत ऐकणाऱ्याने अर्थ स्वतः आठवून बोलायचा. त्यानंतर मराठी अर्थ येतो. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा येतात. आठवण्याचे कष्ट त्या शांततेतच होतात, म्हणून ती गाळायची नाही. संध्याकाळी विद्यार्थ्याने त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य बोलून पाठवायचे आणि वहीत लिहायचे; कारण परीक्षा लेखी असते आणि स्पेलिंग कानाने येत नाही. साधा बटणांचा फोन असेल तर हेच आवाज मेमरी कार्डावर भरून देता येतात.

यात माझी नवी कल्पना काही नाही. बांगलादेशात 2009 साली 'बीबीसी जानाला' या उपक्रमाने साध्या फोनवरून एक क्रमांक फिरवून तीन मिनिटांचा इंग्रजीचा पाठ ऐकण्याची सोय केली होती. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून पुस्तकाला आवाज दिला. 2020 साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले.

पण शब्द कोणते निवडायचे? येथे खरा प्रश्न सुरू होतो. पाठ्यपुस्तकात डॅफोडिल भेटते. आमच्या माणसाला भेटतात वेजेस, डिडक्शन, नॉमिनी, अरिअर्स, एव्हिक्शन. बिडी कारखान्यात 'छाट' म्हणजे काय हे त्या विद्यार्थिनीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. 'रिजेक्ट' हा शब्द तिला त्याच वाटेने दिला की तो कायमचा बसतो. एके दिवशी तिने आईच्या कामाचा एक कागद आणला आणि 'डिडक्शन' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे कशाबद्दल कापलं, ते विचारून आले." परीक्षेतील गुणांपेक्षा मला ते विचारणे मोलाचे वाटते. सावित्रीबाईंनी 'काव्यफुले'त 1854 साली इंग्रजी शिकण्याची हाक दिली. बाबासाहेबांनी 1920 साली आपल्या माणसांसाठी मराठीत 'मूकनायक' काढला आणि 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू इंग्रजीत मांडली. इंग्रजी त्यांना मिरवायची नव्हती, न्याय मागायचा होता.

म्हणूनच मोबाइलविषयी भाबडे राहून चालणार नाही. अनेक घरांत फोन एक आणि तो भावाच्या खिशात. मुलीने कानाला लावला की चौकशी सुरू. त्यासाठी घरच्यांशी बोलावे लागते, आणि धडा ठरावीक वेळेला न बांधता केव्हाही ऐकता येईल असा ठेवावा लागतो. भाषांतर करून देणारे यंत्र आठवण्याचे कष्टच काढून घेते, तेव्हा शब्द आपला होत नाही. आणि उद्या कोणी म्हणेल, फोन आहे ना, मग शिक्षकाची जागा कशाला भरता? हा धोका सर्वांत मोठा आहे. श्रीमंताच्या मुलाला शिक्षक आणि आमच्या मुलाला यंत्र, अशी नवी वाटणी आपण स्वीकारता कामा नये. फोनने शब्द घरापर्यंत पोचवावा. चुकलेले वाक्य ऐकून घेणारा आणि "पुन्हा म्हण" असे मायेने सांगणारा माणूस रविवारच्या तासाला समोर हवाच.