तो आमचा नव्हेच!

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जमिनींच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या दाटीत, अधूनमधून एक नोटीस दिसते. मुलगा सांगण्याबाहेर गेला आहे, त्याच्याशी आमचा संबंध उरलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. वाचताना प्रथम त्या बापाचे दुःख जाणवते. मग लक्षात येते की नोटिशीचा सारा जीव शेवटच्या वाक्यात आहे. मुलाचे नाते काही तुटत नाही, तोडायची असते ती बापाची जबाबदारी.

राष्ट्रानेही आपल्या बिघडलेल्या लेकरांबद्दल अशी नोटीस काढावी की काय, हा प्रश्न मला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत विचारण्यात आला. (‘पंचतारांकित’ या विशेषणाने परगावच्या वाचकाने फसू नये. ही हॉटेले नव्हेत. लक्ष्मी टेकडीच्या परिसरात पसरलेले फाउंड्रीचे आणि सुताकापडाचे कारखाने आहेत.) दिवस 14 एप्रिल 2025 चा. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त एका कारखान्यात संविधानावर चार शब्द बोलण्यासाठी मी गेलो होतो. मुंबईवरील हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीस आणून चारच दिवस झाले होते. व्याख्यान संपले, चहा आला, आणि फाउंड्रीतले एक वयस्क कामगार उठून उभे राहिले.

“सर, राणा परका हाय, त्याचं सोडा. पण आपलाच कोण असं करंल तर त्याला ह्या देशाचा म्हणायचं कशापायी? कोर्टात शाबीत झालं की नागरिकत्व काढून घ्यायचं. मोकळं!”

माझ्या व्याख्यानापेक्षा या तीन वाक्यांना टाळ्या अधिक पडल्या. त्यात नवल नाही. त्या हल्ल्यात 166 माणसे गेली. आमच्याच बाजूचे, जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. हे आठवल्यावर ज्याचे रक्त तापत नाही त्याच्याशी नागरिकत्वाची चर्चा करण्यात तरी काय हशील?

तथापि आपला कायदा त्या कामगारबंधूंच्या बाजूने नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील दहाव्या कलमाने सरकारला नागरिकत्व काढून घेता येते. पण ते, ढोबळमानाने सांगावयाचे तर, अर्ज करून व शपथ घेऊन नागरिक झालेल्याचे. फसवणुकीने ते मिळवले असेल, संविधानाशी द्रोह केला असेल, युद्धकाळी शत्रूशी संधान बांधले असेल, किंवा नागरिक झाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोन वर्षांची वा अधिक कैद झाली असेल, तर. जो जन्मानेच येथला, त्याने स्वतःहून परदेशाचे नागरिकत्व पत्करले तर येथले जाते. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून ते काढून घेण्याची सोय कायद्यात नाही. फासावर चढवता येते, परका ठरवता येत नाही. शपथ घेतानाच ज्याच्या पोटात पाप होते, त्याचे नागरिकत्व परत घ्यावे, याला माझीही हरकत नाही. प्रश्न आहे तो घरात जन्मलेल्याचा.

“इंग्लंडात काढून घेतात की, सर!” एक तरुण सुपरवायझर म्हणाला. खरे आहे. लंडनमध्ये जन्मलेली शमीमा बेगम 2015 मध्ये, पंधरा वर्षांची असताना, सीरियात इस्लामिक स्टेटकडे पळाली. 2019 मध्ये ब्रिटनने तिचे नागरिकत्व काढले. आईबापांच्या मूळ देशामुळे ती बांगलादेशाची नागरिक ठरते, असा ब्रिटनचा दावा. बांगलादेशाने हात झटकले. न्यायालयांनी सरकारचा निर्णय उचलून धरला. पण कोणत्याही न्यायालयात तिच्यावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता! फ्रान्सने 2015 च्या पॅरिसमधील हल्ल्यांनंतर अशी तरतूद घटनेत घालावयाचे योजले, न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी राजीनामा दिला, आणि 2016 च्या मार्चमध्ये तो बेत सोडून देण्यात आला. कॅनडाने 2014 मध्ये दुहेरी नागरिकांसाठी तसा कायदा केला व 2017 मध्ये मागे घेतला. आपल्याकडे तर दुहेरी नागरिकत्वच नाही. म्हणजे ज्याचे काढाल तो कोणाचाच उरणार नाही.

कोणाचाच नसलेला माणूस कोणाच्या सोयीचा असतो? निपाणी कागलपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मुळे ते गाव मराठी माणसाच्या डोक्यात कायमचे बसले आहे. ओळख नाकारण्याची ती कला सरकारांनाही अवगत असते. कसाब पकडला गेल्यावर पाकिस्तान कित्येक आठवडे म्हणत राहिले की तो आमचा नव्हे. शेवटी जानेवारी 2009 मध्ये तेथील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्राणी यांनी तो आमचाच असल्याचे बोलून टाकले, आणि त्यांना पद गमवावे लागले. खरे बोलल्याची ही बक्षिसी! ‘आमचा नव्हे’ म्हणण्यात जो फायदा पाकिस्तान पाहत होते, तोच हक्काने मिळावा अशी मागणी आपण आपल्या सरकारसाठी करीत आहोत, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते.

मी त्यांना गेवराईच्या झबीउद्दीन अन्सारीची हकीकत सांगितली. बीड जिल्ह्यातला हा माणूस. मे 2006 मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात पोलिसांच्या हातून निसटला आणि पाकिस्तानात पोचला. पुढे सौदी अरेबियात सापडला तेव्हा जवळ पाकिस्तानी पारपत्र होते, नाव रियासत अली. पाकिस्तानने त्याला आपला म्हणून मागितल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले होते. आपल्या अधिकाऱ्यांनी काय करावे? त्याच्या घरच्यांच्या डीएनएशी त्याचा डीएनए जुळवून दाखवला: हा भारतीय आहे, आमचा आहे, आमच्या हवाली करा. जून 2012 मध्ये तो दिल्लीस आला आणि 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. संतापाच्या भरात 2006 मध्येच ‘हा भारतीय नव्हे’ असे ठरवून मोकळे झालो असतो, तर सौदीच्या दारात कोणत्या तोंडाने उभे राहणार होतो?

फाउंड्रीतले काका विचारात पडले. “म्हंजी धरायला दावं पायजे,” ते म्हणाले. मी दोन पाने बोललो असतो तरी इतके नेमके सांगता आले नसते.

दाव्याची दुसरी बाजूही आहे. सांगलीचे मोहन रानडे यांनी 1955 मध्ये गोव्यात बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला, जखमी होऊन पकडले गेले आणि 26 वर्षांची शिक्षा घेऊन पोर्तुगालच्या तुरुंगात गेले. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी रानडे आतच. पोर्तुगालच्या लेखी ते गुन्हेगार होते. त्यांची आणि मुंबईच्या मारेकऱ्यांची तुलना करण्याचे पाप मी करणार नाही. सांगावयाचे एवढेच की कोणाला काय म्हणावयाचे हे राजवटीगणिक बदलते. रानड्यांना ‘आमचा माणूस’ म्हणणारे येथे होते, सुधीर फडक्यांसारखे त्यांच्यासाठी झटणारे होते, म्हणून जानेवारी 1969 मध्ये ते सुटले.

सभा पांगताना दूधगंगेपलीकडचा एक मराठी कामगार हळूच जवळ आला. राहणे कर्नाटकात, नोकरी महाराष्ट्रात. त्याच्या तीन ओळखपत्रांवर त्याचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले. “सर, काढून घ्यायची सोय झाली, तर आधी बघणार कुणाचे कागद?” त्याचा दहशतवादाशी काडीचा संबंध नव्हता. पण कंत्राटदार बदलला की दर वेळी फाटकावर त्याला आपण कोण ते नव्याने सिद्ध करावे लागते, त्यामुळे या विषयातला त्याचा अनुभव माझ्याहून मोठा होता.

‘आमचा नव्हे’ या वाक्याची अखेर कोठवर जाते, हे मुंबईने पाहिले आहे. कसाबबरोबरचे जे नऊ हल्लेखोर मारले गेले, त्यांचे मृतदेह पाकिस्तानने मागितले नाहीत. मुंबईतल्या मुसलमानांनी या खुन्यांना आमच्या कबरस्तानात जागा नाही असे ठणकावले. देह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून राहिले. आपल्याच पोलिसांनी राखले, आपल्याच डॉक्टरांनी जपले. जानेवारी 2010 मध्ये ते गुपचूप पुरण्यात आले. एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात तसे सांगितले. जागा मात्र सांगितली नाही.