नर्मदाकाठचा अकीक

भोपाळच्या हबीबगंज स्थानकास 2021 साली राणी कमलापतींचे नाव मिळाले. तेथून दक्षिणेस नर्मदाकाठी गेलो असता गोट्यांत आम्हांस एक तांबूस, पट्टेदार खडा गवसला. घरी माळा ओवून संसारास हातभार लावणारी आमची भगिनी त्यास माणिक समजून हरखली. पण तो होता अकीक!

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील पोकळ्यांत सिलिकेचे थर साचून तो घडतो. लोहामुळे त्यास लाली येते. खंबायतचे कारागीर तो भाजून ती लाली खुलवितात. वाचकहो, अकीकास माणकाचे मोल नाही. मात्र काचेवर ओरखडा उमटविण्याइतका तो कठीण असतो.

भगिनीने माळ ओवली आणि गिऱ्हाइकास अकीक तो अकीकच म्हणून सांगितला. माळ विकली गेली. शब्दही राखला गेला.