हवे होते जेट, मिळाले हेलिकॉप्टर

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा क्रमांक हाती आला, की अनेक घरांत चेहरे उतरतात. हवे ते कॉलेज नाही, हवी ती शाखा नाही; आता पोराचे कसे होणार, या काळजीने आई-वडिलांना झोप लागत नाही. अशा घरांनी सुनीता विल्यम्सची वाटचाल जरूर वाचावी. ती अंतराळात गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेथवर ती सरळ रस्त्याने पोहोचली नाही.

सुनीताचा जन्म १९६५ सालचा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. वडील डॉ. दीपक पंड्या मूळचे गुजरातमधील झुलासणचे, तर आई बॉनी स्लोव्हेनियन वंशाच्या. मुलीला व्हायचे होते जनावरांची डॉक्टर. थोरला भाऊ नौदल अकादमीत शिकत होता, त्याच्या पाठोपाठ तीही तिकडे गेली आणि १९८७ साली पदवीधर झाली. पुढे जेट विमान चालवायची तिची इच्छा होती. पण जागा थोड्या. तिच्या वाट्याला आले हेलिकॉप्टर. १९८९ साली ती नौदलाची वैमानिक झाली. १९९२ साली फ्लोरिडात 'अँड्र्यू' चक्रीवादळाने हाहाकार उडाला, तेव्हा मदतीसाठी गेलेल्या हेलिकॉप्टर तुकडीची ती प्रमुख होती.

१९९३ साली चाचणी वैमानिकांच्या शाळेत शिकत असताना या मुलांना ह्यूस्टनचे अंतराळ केंद्र दाखवण्यात आले. तेथे जॉन यंग यांचे बोलणे तिच्या कानी पडले. यंगही मूळचे नौदलाचे वैमानिक, १९७२ साली चंद्रावर उतरलेले. चंद्रावर यान उतरवण्यासाठी आपल्याला हेलिकॉप्टर शिकावे लागले, असे ते म्हणाले. चंद्रावर ना हवा, ना धावपट्टी. इंजिनाच्या जोरावर यान तोलून धरायचे, जागा हेरायची आणि अलगद टेकवायचे. दुय्यम म्हणून पदरी पडलेली विद्याच येथे कामाची होती!

सुनीताने अर्ज केला. तो नाकारला गेला. तिने १९९५ साली पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, पुन्हा अर्ज केला आणि १९९८ साली तिची निवड झाली. प्रत्यक्ष उड्डाणासाठी मात्र डिसेंबर २००६ उजाडावा लागला. २०१२ साली ती अंतराळ स्थानकाची प्रमुखही झाली. जून २०२४ मध्ये थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली सुनीता यानातील बिघाडामुळे २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतली. डिसेंबर २०२५ मध्ये ती नासातून निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नावावर अंतराळातले एकूण ६०८ दिवस आणि यानाबाहेरच्या नऊ फेऱ्या जमा होत्या.

पालकहो, मुलाला दुसऱ्या पसंतीची जागा मिळाली म्हणून त्याच्यासमोर सुस्कारे टाकू नका. हाती आलेले काम तो मन लावून शिकतो की नाही, एवढे पाहा. कोणती विद्या कुठे उपयोगी पडेल, हे प्रवेशाच्या यादीवरून कळत नसते.